कानासाठी लिहिलेली पुस्तकं

शिरगाव म्हटलं की आज पुणेकराला साईबाबांचं मंदिर आठवतं. सोमाटणे फाट्यावरून आत वळायचं आणि प्रति शिर्डीच्या रांगेत उभं राहायचं. पण मावळाच्या या पट्ट्याला आणखी दोन ओळखी आहेत. एक देहूची. इंद्रायणीकाठचं तुकोबांचं गाव इथून हाकेच्या नाही, तरी पायी जाण्याच्या अंतरावर आहे. दुसरी ओळख वाटेची. १८३० साली गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये आगगाडीही घाट चढली. मुंबईत छापलेलं जे काही देशावर यायचं ते या वाटेनं मावळ ओलांडून यायचं. पंचांगं, पोथ्या, शाळेची क्रमिक पुस्तकं. आणि त्यांच्याबरोबरच मिशनच्या छापखान्यातली पातळ, स्वस्त, दोन-चार पैशांची ख्रिस्ती पुस्तकं.

मराठी ख्रिस्ती मंडळीसाठी आणि तिच्या पाळकांसाठी जी पुस्तकं झाली, त्यांची हकीकत या दोन ओळखींमधल्या ओढाताणीची आहे. मिशन छापील पुस्तक घेऊन आलं. इथला माणूस मात्र धर्म ऐकत आला होता. कीर्तनात, पुराणात, जात्यावर, दिंडीत. वाचता येणारे थोडे, ऐकणारे सगळे. मिशनच्या लोकांना ही साधी गोष्ट पुरती उमगायला सत्तर-ऐंशी वर्षं लागली. गंमत अशी की त्यांच्या आधी दोनशे वर्षं एका इंग्रजाला ती गोव्यात समजली होती, आणि नंतरच्या लोकांना त्याचा पत्ताच नव्हता.

त्या इंग्रजाचं नाव थॉमस स्टीफन्स. विल्टशरचा, जेझुइट. १५७९ च्या ऑक्टोबरात तो गोव्यात उतरला आणि पुढची चाळीस वर्षं, म्हणजे १६१९ मध्ये मरेपर्यंत, बहुतेक काळ तिथल्याच साष्टीत राहिला. साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांची अडचण त्याला रोज दिसत होती. त्यांचे देव गेले होते, देवळं गेली होती, आणि पुराणंही गेली होती. पोर्तुगीज सत्तेनं जुने ग्रंथ जवळ ठेवायला बंदी घातलेली. धर्मशिक्षणाचे प्रश्नोत्तराचे वर्ग होते, पण प्रश्नोत्तरं पाठ करून संध्याकाळ जात नाही. पूर्वी पावसाळ्यात पुराण लागायचं, गाव जमायचं, कथा चालायची. त्या जागी काहीच उरलं नव्हतं. आम्हालाही आमचं पुराण द्या, ही लोकांची मागणी स्टीफन्सनं आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच नोंदवली आहे.

त्यानं दिलं ते ‘क्रिस्तपुराण’. पहिल्या भागात ३६ अवस्वरू (अध्याय), दुसऱ्यात ५९. मिळून सुमारे अकरा हजार ओव्या. १६१६ मध्ये रायतूरला ते छापलं गेलं, आणि रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तिथं नव्हते. छंद मात्र ओवीचा, थाट ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेचा, भाषा साहित्यातली मराठी आणि तिच्यात कोंकणीची पखरण. मराठीचं त्यानं केलेलं कौतुक आज शाळेच्या पुस्तकांतूनही भेटतं. पण या गोष्टीत त्याहून मोलाची बाब वेगळी आहे. हे पुराण रविवारी आणि सणाच्या दिवशी धर्मशिक्षणानंतर चर्चमध्ये मोठ्यानं वाचलं जाई. म्हणजे पाळकाला हाताशी धरायला पुस्तक मिळालं, आणि मंडळीला ऐकायला. एकाच ग्रंथानं दोन्ही गरजा भागवल्या. त्याच्या पाठोपाठ एत्येन द ला क्रुवा या फ्रेंच जेझुइटानं संत पीटरवर मराठीतच पुराण लिहिलं. म्हणजे एका माणसाची ती लहर नव्हती, काही काळ तरी ती एक रीतच झाली होती.

ती रीत मोडली सत्तेनं. १६८४ मध्ये व्हाइसरॉयनं हुकूम काढला की स्थानिक भाषा सोडून लोकांनी पोर्तुगीज बोलावी. त्याआधी दहा वर्षं गोव्यातली छपाईच थांबली होती, ती १८२१ पर्यंत पुन्हा सुरू झाली नाही. ‘क्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांतली एकही छापील प्रत आज हाती नाही. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांत, आणि मुख्यतः गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या घराण्यांत. त्यांनी तो घरी वाचला, नकलून काढला. टिपूनं १७८४ मध्ये तिथल्या ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला कैदेत नेलं, तेव्हा याच ओव्यांनी त्यांना धीर दिला, असं मंगळूरकडे सांगतात. शेवटी १९०७ साली तिथंच जे. एल. साल्ढाणा यांनी हस्तलिखितांवरून तो पुन्हा छापला. आणि त्याची देवनागरीतली प्रत लंडनच्या एका ग्रंथसंग्रहात ओळखली ती जस्टिन अ‍ॅबट यांनी, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. हे अ‍ॅबट अमेरिकन मराठी मिशनचे. निवृत्तीनंतर त्यांनी महिपतीची संतचरित्रं इंग्रजीत नेली. म्हणजे १८१३ मध्ये मुंबईत आलेले गॉर्डन हॉल ज्या मिशनचे, त्याच मिशनच्या माणसानं शंभरावर वर्षांनी त्या विसरलेल्या पुराणाची देवनागरी प्रत शोधली. पण मधली शंभर वर्षं कशी गेली?

हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे अमेरिकन १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत आले. कंपनी सरकारला ते नको होते. त्यांना परत पाठवायचे हुकूम निघाले, अर्जविनंत्या झाल्या, गव्हर्नर नेपियनचं मन वळवावं लागलं. राहायला परवानगी मिळाली तेव्हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न पुस्तकाचा होता. मराठी शुभवर्तमान तोवर निघालेलं होतं. बंगालात श्रीरामपूरला विल्यम कॅरेनं नागपूरकडच्या वैजनाथ पंडितांच्या मदतीनं १८०५ मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार छापला होता. कॅरेच्या उद्योगाला तोड नाही. १८०५ चं व्याकरण, १८१० चा मोडीतला कोश, सगळं त्याच्याच नावावर. पण कोकण आणि देशापासून हजार मैलांवर बसून घडवलेली ती भाषा मुंबईच्या रस्त्यावर कोणाच्या पचनी पडेना. हॉलनी नव्यानं भाषांतर करायला घेतलं.

१८१६ अखेरीस कलकत्त्याहून एक छापयंत्र आलं. १८१७ च्या मार्चमध्ये अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून पहिली पुस्तिका बाहेर पडली, आठ पानांची, शास्त्रातल्या वचनांची. मुंबईतल्या मराठी छपाईची ती पहाट. खिळे परमुलखातले, जाड, कागद महाग. पुढे याच छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे बारीक आणि देखणे खिळे कोरले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले लोक पाहिले की या छापखान्याचं खरं देणं कळतं. गणपत कृष्णाजी इथं शिकले आणि स्वतःचा छापखाना घालून त्यांनी मराठी पंचांग छापलं. जावजी दादाजी पोरवयात इथं टाइप घासायच्या कामाला लागले. पुढे १८६९ मध्ये त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला, आणि संस्कृत काव्यं, वेद, पुराणं देशभर पोचवणारा तो सगळ्यांत नामांकित छापखाना ठरला. शुभवर्तमानासाठी घडलेल्या हातांनी गीता-भागवताची जितकी पानं छापली तितकी शुभवर्तमानाची खचितच नसतील. मिशनच्या खर्चाचा असा हिशेब कोणत्या अहवालात बसवायचा?

हॉल यांचा शेवट मराठी वाचकांना फारसा ठाऊक नाही. १८२६ च्या मार्चमध्ये ते पुस्तकं आणि औषधं घेऊन नाशिकपर्यंत गेले. तिथं महामारी होती. जवळचं सगळं वाटून झाल्यावर ते परत फिरले, वाटेत एका देवळाच्या ओसरीवर मुक्कामाला थांबले आणि तिथंच पटकीनं गेले; वय अवघं एक्केचाळीस-बेचाळीस. ज्यावर त्यांनी वर्षानुवर्षं मेहनत केली तो मराठी नवा करार त्याच वर्षी छापून निघाला. संपूर्ण बायबल मराठीत यायला १८४७ उजाडलं.

भाषांतराबरोबर दुसरा उद्योग चालू होता तो छोट्या पुस्तकांचा. १८२७ मध्ये मुंबईत ट्रॅक्ट अँड बुक सोसायटी निघाली. देवाची लक्षणं, मूर्तिपूजेचा निषेध, पापपुण्याचा विचार, गोष्टी, प्रार्थना: हे सगळं पातळ पुस्तिकांत बसवायचं आणि जत्रांत वाटायचं. यांतलं पुष्कळ साहित्य आज वाचवत नाही. वादासाठी लिहिलेली पुस्तकं वादाबरोबरच शिळी होतात, आणि समोरच्याचा धर्म हिणवून आपला पटवता येतो ही समजूत त्यात जागोजागी दिसते. पण त्या गठ्ठ्यात चांगलं दडलेलं होतं. जॉन बन्यनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’चं ‘यात्रिकक्रमण’ हे मराठी रूप १८४१ मध्ये निघालं, ते केलं हरि केशवजी पाठारे यांनी. हरि केशवजी स्वतः ख्रिस्ती नव्हते. ख्रिस्ती कुटुंबांच्या पिढ्यांनी भक्तिभावानं वाचलेलं पुस्तक एका पाठारे प्रभूच्या लेखणीतून आलं, ही त्या काळाच्या मोकळेपणाची एक खूण धरायला हरकत नाही.

१८४२ च्या जूनमध्ये अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) ‘ज्ञानोदय’ सुरू झालं. हेन्री बॅलंटाइन त्याचे संपादक. तीन वर्षांत ते मुंबईला हललं आणि आजतागायत निघतं. धर्माबरोबर त्यात खगोल, भूगोल, प्राणिशास्त्र, बातम्या, वाचकांची पत्रं असं सगळं असे. १८५५ मध्ये याच पत्रानं मांग-महारांच्या दुःखावरचा मुक्ता साळवेचा निबंध छापला. फुल्यांच्या शाळेतली ती चौदा वर्षांची मुलगी. मंडळीबाहेरची माणसंही ‘ज्ञानोदय’ का चाळत असतील याचं उत्तर त्या एका निबंधात मिळतं.

आता मंडळीच्या आत यायचं. १८५४ मध्ये नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पाळक मराठी झाले तशी त्यांना लागणारी पुस्तकंही मराठी हवीत हे उघड झालं. गोऱ्या पाळकाचं कपाट इंग्रजी टीकाग्रंथांनी भरलेलं असे. गावोगावच्या दहा-बारा घरांच्या मंडळ्या सांभाळणाऱ्या मराठी पाळकाकडे बायबल आणि गीतांचं पुस्तक सोडून काय असणार? रविवारी प्रवचन काढायचं तर आधार कशाचा?

हे काम अंगावर घेतलं बाबा पदमनजींनी. बेळगावचे, कासार कुटुंबातले, जन्म १८३१ चा. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वाङ्मयाच्या इतिहासात ते ‘यमुनापर्यटन’साठी ओळखले जातात, १८५७ ची ही मराठीतली पहिली कादंबरी, विधवांच्या हालांवरची. पण त्यांनी लिहिलेल्या शंभरावर पुस्तकांमधलं ते एक. १८६७ मध्ये ते पुण्यात स्कॉटिश मिशनच्या मंडळीचे पाळक झाले, नंतर ते पद सोडून ट्रॅक्ट सोसायटीच्या लेखनकामात रमले. कोश केले, नव्या करारावर मराठीत टीका लिहिली, ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र लिहिलं. पाळकाच्या मेजावर इंग्रजीवाचून भागावं, ही खटपट त्यांच्या या सगळ्या लेखनामागे दिसते. पदमनजींची भाषा स्वच्छ आहे, विचार नेटका आहे. पण तो वाचकाशी बोलतो. ओसरीवर बसून ऐकणाऱ्या म्हातारीला त्यात पकडायला दोर नाही.

तो दोर नगरकडच्या लोकांनी शोधला. १८६० च्या दशकात तिथल्या ख्रिस्ती मंडळीत कीर्तन उभं राहिलं. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचं नाव यात पुढं येतं. टाळ, मृदंग, वीणा, पूर्वरंग, उत्तररंग, सगळा साज ओळखीचा; आख्यान मात्र उधळ्या पुत्राचं किंवा योसेफाचं. सांगळ्यांनी देशी चालींवर पुष्कळ गीतं रचली. त्याआधी मंडळीत इंग्रजी चालींवर ओढून बसवलेली भाषांतरित गीतं चालत. मराठी शब्द त्या चालींत कसे अवघडून बसतात हे ज्यानं ती म्हणून पाहिली आहेत त्याला सांगायला नको. कीर्तन आल्यावर मंडळीबाहेरचेही ऐकायला थांबू लागले. शंभर पुस्तिका वाटून जमली नसती एवढी माणसं एका रात्रीत जमत.

इथं देहू या गोष्टीत शिरतं. नारायण वामन टिळक हे कोकणातल्या करजगावचे, जन्म १८६१ चा. कवी म्हणून नाव होतं. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरात वादळ झालं. पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत राहिल्या आणि पाच वर्षांनी, १९०० मध्ये, स्वतःच्या विचारानं राहुरीला त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळक म्हणत की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामाच्या पुलावरून. हे केवळ छान वाक्य नव्हतं. नगरच्या धर्मशिक्षण विद्यालयात ते पाळक व्हायला आलेल्या तरुणांना शिकवत, १९०४ मध्ये स्वतः दीक्षित पाळक झाले, १९१२ पासून मृत्यूपर्यंत ‘ज्ञानोदया’ची मराठी बाजू सांभाळत होते, पण मंडळीला त्यांनी दिलेली सगळ्यांत मोठी वस्तू म्हणजे अभंग आणि भजनं. जाड ग्रंथ न उघडता शेतात, चुलीपुढे, मयताच्या घरी म्हणता येईल अशी. ‘उपासना संगीत’ हे आज महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांचं गीतपुस्तक. त्यात टिळकांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. पुणे जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या मंडळीत रविवारी जा, पेटी-तबल्यावर टिळक ऐकू येतील. म्हणणाऱ्यांतल्या अनेकांना कवी कोण हे ठाऊक नसतं, तुकोबांच्या अभंगांचं कधीकधी होतं तसंच.

म्हणजे स्टीफन्सनं जे केलं तेच टिळकांनी वेगळ्या वाटेनं केलं, आणि गोष्ट इथं संपवता आली असती: मराठी मंडळीला लय हवी होती, ती मिळाली. पण पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, दौंडच्या वाटेवर केडगावला, एक बाई नेमकी उलट दिशेनं निघाली होती. आणि लयीबद्दल बोलायचा तिच्याइतका अधिकार मराठी मुलखात कोणालाच नव्हता.

पंडिता रमाबाईंचं बालपण पुराणिकाच्या घरातलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे बायको-मुलांना घेऊन तीर्थोतीर्थी हिंडले. देवळात किंवा घाटावर बसून पुराण वाचायचं, लोक ऐकतील, काही ठेवून जातील, त्यावर पोट चालायचं. भागवताचे हजारो श्लोक मुलीला तोंडपाठ. पुढे रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहिलं आहे की आलेले लोक अर्थ कळो न कळो, ऐकून जात. ऐकण्यातच पुण्य होतं. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात आई-वडील उपासमारीनं गेले. ज्या पवित्र शब्दांवर घर चालत होतं, ते शब्द घर वाचवू शकले नाहीत. १८७८ मध्ये कलकत्त्यात पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या त्या याच पाठांतराच्या बळावर.

नंतरचा प्रवास परिचित आहे: बिपिनबिहारी मेधावींशी विवाह, दोन वर्षांत वैधव्य, पुण्यात आर्य महिला समाज, १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा, अमेरिकेत ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’, मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, पुढच्या वर्षी ते पुण्याला, १८९३ चं वादळ आणि रानडे-भांडारकरांचा राजीनामा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली-बायका आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं केलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. या बायकांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. ज्या काहींनी ती करून घेतली त्यांच्या हाती बायबल आलं, आणि रमाबाईंच्या लक्षात आलं की त्यांना ते कळत नाही. प्रचलित भाषांतर पंडितांना शोभणारं, संस्कृतानं जड झालेलं होतं. वर जुन्या धर्मशास्त्राचा अर्थ चिकटलेले शब्द त्यात होते, असा त्यांचा आक्षेप.

म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पन्नाशीच्या आसपास, त्यांनी सगळं बायबल नव्यानं मराठीत करायला घेतलं. इतरांच्या भाषांतरावरून नव्हे, मुळावरून. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मुलींना शिकवता यावी म्हणून हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं. सदनातच छापखाना होता. खिळे जुळवणाऱ्या, यंत्र फिरवणाऱ्या, पानं शिवून बांधणी करणाऱ्या सगळ्या तिथल्याच मुली. दुष्काळातून आलेल्या, अक्षर शिकून दोन-चार वर्षं झालेल्या मुलींच्या हातांनी हिब्रू-ग्रीकवरून उतरवलेला ग्रंथ छापला जात होता. असा छापखाना तेव्हा हिंदुस्थानात दुसरा असेल असं मला वाटत नाही.

रमाबाईंना ओवी जमली नसती असं कोण म्हणेल? ज्या मुलीनं वडिलांच्या मांडीवर छंद ऐकला, तिनं मनात आणलं असतं तर दुसरं पुराण उभं केलं असतं. त्यांनी गद्य निवडलं, तेही जाणूनबुजून साधं, ठिकठिकाणी ओबडधोबड. माझ्या मते याचं कारण त्या तीर्थांवरच्या ओसऱ्यांमध्ये आहे. न कळलेल्या शब्दांच्या लयीवर लोक कसे तरंगतात, आणि त्या तरंगण्यावर पुराणिकाचं पोट कसं चालतं, हे त्यांनी आतून पाहिलं होतं. आपल्या मुलींनी देवाचा शब्द तसा ऐकू नये, यावर त्या अडून बसल्या. स्टीफन्स किंवा टिळकांना ही अडचण कधी आली नाही. त्यांना लय बाहेरून किंवा प्रेमानं मिळाली होती, भुकेबरोबर नव्हे.

१९२१ च्या जुलैत एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई अखेरच्या दिवसांपर्यंत बायबलची मुद्रितं तपासत होत्या. ५ एप्रिल १९२२ ला त्यांचं निधन झालं. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. मंडळ्यांनी तो उचलला नाही. रविवारी व्यासपीठावर बायबल सोसायटीचंच भाषांतर राहिलं. कानाला सरावलेलं वचन बदलायला कोणतीच मंडळी सहजी तयार होत नाही. मिशनच्या संस्थांचा पाठिंबा नव्हता. आणि कोणतं पुस्तक चालावं हे ठरवणं, ज्यांच्यासाठी ते केलं त्या बायकांच्या हाती नव्हतं. मुक्तीत ते वाचलं जात राहिलं.

कॅथलिकांची वाट या काळात वेगळी होती. त्यांचं ‘निरोप्या’ मासिक १९०३ मध्ये नगर जिल्ह्यातल्या केंदळला फादर हेन्री डोरिंग यांनी काढलं; चारच वर्षांनी ते पुण्याचे बिशप झाले. साध्या मराठीत बायबल सांगायची रमाबाईंची तळमळ मात्र फार उशिरा, एका वसईकर धर्मगुरूच्या हातून वाचकांपर्यंत पोचली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि ते वाचणाऱ्यांत चर्चची पायरी कधी न चढलेले पुष्कळ होते.

टिळकांच्या घरात अजून एक काम अडून राहिलं होतं. १९०९ पासून ते ‘ख्रिस्तायन’ रचत होते. येशूचं चरित्र, महाकाव्याच्या मापाचं. मराठी मंडळीला आपलं रामायण असावं, ही त्यांची ओढ. ९ मे १९१९ ला ते गेले तेव्हा दहा-अकराच अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हतं. वाचायला टिळकांनीच शिकवलं, तेही रागावत, थांबत, पुन्हा सुरू करत. वैधव्यात, पैशाच्या ओढगस्तीत, मुंबई-कराची-नाशिक अशा फिरतीत त्यांनी ते महाकाव्य नेटानं पुढं नेलं. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्यांचं निधन झालं आणि १९३८ मध्ये मुलगा देवदत्त यांनी ‘ख्रिस्तायन’ छापलं.

ते आज किती जणांनी वाचलं असेल? मंडळीसाठी रचलेल्या त्या हजारो ओळी कपाटात राहिल्या. टिळकांचं चरित्र लिहायला मुलाला उपयोग व्हावा म्हणून लक्ष्मीबाईंनी सहज सांगावं तशा उतरवलेल्या आठवणी मात्र १९३४ ते १९३६ या काळात ‘स्मृतिचित्रे’ म्हणून निघाल्या. मराठी ख्रिस्ती माणसानं लिहिलेलं एवढं वाचलं गेलेलं दुसरं पुस्तक नाही, आणि ते लिहिताना लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांपुढं ना पाळक होता, ना मंडळी.